पाचवा हात

वेल्डिंगवाल्याला सगळे ठिणगीकाका म्हणत. बोलणंही तसंच, अंगावर उडणारं. कुणी गेटचा सांधा नुसता वरवर भरून मागितला की म्हणायचा, "लिंपायचंच असेल तर रंगाऱ्याकडे जा, बाबा!"

ख्रिस्ती मंडळीचा कारभार बघणारे पाच जण, त्यांना 'वडील' म्हणत; काका त्यांतला एक. नवा पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, नेमायचा तर पाचही वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, ही तिथली रीत. एक हात खाली राहिला तरी नेमणूक नाही.

जुने पाळकसाहेब वारले तसं व्यासपीठ ओस पडलं, आणि सगळ्यांची नजर गेली काकाच्या धाकट्या भावावर. गळा गोड. प्रार्थनेला उभा राहिला की बाकाबाकांवर रुमाल निघत. पाळकांच्या शाळेत पाठवला होता, पण पहिल्या परीक्षेआधीच परतला. "तिथं नुसती पुस्तकं!" म्हणाला. घरात पाळक होणार म्हणून दोघांच्या म्हाताऱ्या आईचे पाय जमिनीला लागेनात.

नेमणुकीच्या आदल्या दिवशी पाववाली बाई भट्टीचं दार जोडून घ्यायला आली. तिचं पोरगं नुकतंच तापानं गेलं होतं. दार भिंतीला टेकवून ती तशीच उभी राहिली.

"काका, एक विचारू?"

"विचार की."

"मातीच्या वेळी तुमचे भाऊ म्हणाले, माझा विश्वास पक्का असता तर पोरगं वाचलं असतं. खरं का हो ते? तेव्हापासून मी प्रार्थनेला येत नाही. कुठल्या तोंडानं येऊ?"

काकानं दार उचलून आत घेतलं. एवढंच म्हणाला, "उद्या ये. मागं बस, पण ये."

संध्याकाळी त्यानं भावाला गाठलं.

"असं बोललास तिला?"

"देवानं सुचवलं ते बोललो."

"तुझ्या तोंडचं देवाच्या नावावर खपवू नकोस. शिकून ये आधी."

"दादा, तू लोखंड जोड. माणसं मी जोडतो."

आतून म्हातारी कडाडली, "उद्या हात आखडलास ना, तर या घरात तुझं ताट नाही!"

सकाळी प्रार्थनामंदिर खच्चून भरलं. भाऊ गुडघ्यांवर बसला. एक हात आला, दुसरा, तिसरा, चौथा. काकाचा हात पँटच्या शिवणीला चिकटल्यासारखा खालीच. कुणीतरी खोकलं. पुढच्या बाकावरून म्हातारी दात-ओठ खात बघत होती.

"दादा," भाऊ मान न उचलता पुटपुटला, "लोक बघतायत."

"बघू देत. मागं ती पाववाली बसलीय. आमच्या हाताखालून उठून तिला काय सांगशील?"

सगळ्या माना मागं वळल्या. भावानंही वळून पाहिलं. बाईनं खाली घातलेली मान वर केली नाही.

"तूच सांग मग," तो चिडून म्हणाला. "काय सांगायचं असतं अशा वेळी?"

"मला ठाऊक नाही. म्हणून तर मी तिथं गुडघे टेकले नाहीत."

चार हात एकेक करून खाली आले. भाऊ उठला आणि बाजूच्या दारानं निघून गेला.

म्हातारीही उठली. काकाकडे ढुंकूनही न बघता ताडताड मागच्या बाकापर्यंत गेली. काकाला वाटलं, आता ही बाईला घालूनपाडून बोलणार. पण ती धपकन तिच्या शेजारी बसली.

"सरक जरा," म्हणाली. "माझाही एक गेला होता. पहिला."

दुपारी काकाला ताट मिळालं नाही ते नाहीच.