रापणीचा वाटा

मालवणला बोट धक्क्याला लागत नसे, होडीतून तिच्यापर्यंत जावं लागे. मी मुंबईला निघालो त्या सकाळी किनाऱ्यावर रापण चालू होती. ते लांबलचक जाळं सगळी वाडी मिळून दोरीने ओढते. बाबांचे दोन्ही हात दोरीत, त्यामुळे त्यांनी हात हलवला नाही. मी मात्र होडी बोटीला लागेपर्यंत हलवत राहिलो.

रापणीच्या वाट्याचा नियम गावात राहिलेल्यांना सांगायला नको, पण माझ्यासारखे निघून आलेले विसरले असतील. बाबा म्हणत, "दोरयेक हात लावता तेका वाटो. मगे आपलो वाटो कसो विकूचो, ता जेचा तेना बघूचा."

परळच्या खोलीत आम्ही तिघे होतो. गिरणीतला वसंता लाल बावट्याचा, कापडाच्या पेढीवरचा बाळा व्यापाराचा कैवारी. एकाला सगळंच सरकारी हवं, दुसऱ्याला सरकार कशातच नको. रविवारी त्यांची जुंपली की मी मध्ये रापण घालायचो: ओढायचं सगळ्यांनी मिळून, विकायचं ज्याचं त्याने. वसंता मला शेठजींचा माणूस म्हणे, बाळा लालभाई. पुढे पेपरात 'मिश्र अर्थव्यवस्था' असं भारदस्त नाव वाचलं आणि एकटाच हसलो. एकटाच, कारण तोवर वसंता युनियनवाल्यांच्या चाळीत गेला होता आणि बाळा पेढीच्या माडीवर. मला ना मोर्च्याचं बोलावणं, ना पेढीवरच्या लक्ष्मीपूजनाचं. दिवाळीला खोलीत एकटाच जेवत असे. किनाऱ्यावर आपली जागा आहेच, अशी मनाची समजूत घालायचो.

काही वर्षांनी गावी गेलो तेव्हा रापण अर्धी आली होती. चपला काढून धावलो आणि बाबांच्या मागे दोरी धरली. त्यांनी वळून पाहिलं आणि माझी बोटं हलकेच सोडवली.

"ऱ्हवांदे रे. हात सोलतले तुझे."

मी बाजूला वाळूत उभा राहिलो. वाटे पडले, बायका पाट्या घेऊन आपापला माल विकायला निघाल्या. बाबांनी सगळ्यांत मोठी सुरमई उचलून माझ्या हातात दिली. कुणीच हरकत घेतली नाही. तो वाटा असता तर घेतली असती.

घरी आईने विचारलं, "वाट्याक इली काय रे?" मी हो म्हटलं. एवढा मासा एकाच्या वाट्याला येत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती आत गेली आणि माझ्यासाठी पाहुण्यांचं ताट काढलं.