सगळं जुळलं, घरी जा

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी. घरातला पहिला ग्रॅज्युएट, तोही सायन्सचा... तरी हे लिहितोय, कारण माझ्या ट्रंकेत एक कागद आहे आणि त्याचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आदिलाबादेत, मावल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका खताच्या दुकानाच्या माडीवर आमचं कॉम्प्युटरचं छोटं ऑफिस होतं. तिघे जण — दिगंबरभाऊ, नर्सिमलू आणि मी. एका दवाखान्यासाठी रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्राम लिहीत होतो. भाऊ जैनथकडचे, रोज बसने येत. मला कॉम्प्युटरला हात लावायला त्यांनीच शिकवलं. त्यांचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत.

भाऊंचा एक नियम होता. रोज चार वाजता प्रत्येकाने आपली फ्लॉपी द्यायची. तिघांचं काम एका मशीनवर एकत्र करायचं, कंपाइल करायचं म्हणजे मशीनला चालवता येईल असं बनवायचं, मग भाऊंनी लिहिलेल्या तीस तपासण्या आपोआप चालायच्या आणि निकाल प्रिंटरवर यायचा. सगळं पास झालं की शेवटी रोमन अक्षरांत एक ओळ — ‘सगळं जुळलं, घरी जा.’ ज्याच्या कामाने बिघडलं, त्याच्या खुर्चीला बैलाच्या गळ्यातली घंटी. ती भाऊंनी घरूनच आणली होती.

“थोडं थोडं दे, पण रोज दे,” भाऊ म्हणायचे. “आठ दिवसांचं एकदम आणशीन तं कुठं मोडलं ते कसं सापडन?”

मी नेमकं तेच केलं. दोन रक्तदानांमध्ये तीन महिने गेले की नाही, हे बघणारा भाग माझ्याकडे होता. तो जमेना. आठ दिवस फ्लॉपी दिलीच नाही. त्या भागाला मी आमच्या बैलाचं नाव ठेवलं होतं — राज्या. देण्याआधी बदलू म्हटलं, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी माझे बाबा गावाहून बाजारासाठी आले होते. पोरगा कॉम्प्युटरवर बसतो ते बघायला माडी चढून आले. खुर्चीवर अंग चोरून बसले.

“काका, तुमचा पोरगा लय हुशार हाय,” भाऊ म्हणाले. “फक्त फ्लॉपी देत नाही. काऊन रे सदा, कुठं हाय?”

“खोलीवर राहिली, भाऊ.”

फ्लॉपी माझ्या शर्टाच्या खिशात होती. बाबांसमोर खुर्चीला घंटी... नाही सोसलं असतं.

“सदा अन्ना, घंटीला भिऊन राह्यला,” नर्सिमलू हसला.

“जा, काकांना गाडीत बसवून दे अन् घेऊन ये,” भाऊ म्हणाले. “मी थांबतो.”

मी गेलो. परत आलोच नाही. वाटलं, कंटाळून निघून जातील.

भाऊ थांबले. त्यांची पाचची बस गेली. मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून निघाले. जैनथच्या अलीकडे समोर बैलगाडी आली... सकाळी नर्सिमलूने सांगितलं. फ्लॉपी तेव्हाही माझ्याच खिशात होती.

भाऊंचं तेरावं झाल्यावर ऑफिस उघडलं. दुपारचे चार वाजले. नर्सिमलूने हात पुढे केला. मी फ्लॉपी दिली. प्रिंटर करकरत चालला. तीस तपासण्या पास. आणि थांबला नाही.

एकतिसावी ओळ आली. ‘राज्या — वीस डिसेंबरला रक्त दिलं, दहा जानेवारीला चालेल का? फेल.’

मी कोड उघडला. वर्ष बदललं की माझा हिशेब चुकत होता. महिना न झालेला माणूस अकरा महिने झालेला दिसत होता. तो प्रोग्राम तसाच गेला असता तर एखाद्या अशक्त माणसाला पुन्हा रक्त द्यायला बोलावलं असतं.

चूक दुरुस्त केली, पुन्हा चालवलं. तीस पास. एकतिसावी नाही. भाऊंच्या तपासण्यांची फाइल आम्ही वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली. त्यात तीसच होत्या. राज्याचं नाव कुठेही नव्हतं.

“नुव्वु चेप्पावा? तू सांगितलं होतं त्यांना?” नर्सिमलूने विचारलं.

“नाही रे...”

मी स्वतः उठून घंटी माझ्या खुर्चीला बांधली. खूप रडलो.

आता मोठ्या कंपन्यांत हेच काम आपोआप होतं, त्याला मोठं नाव आहे. नवी मुलं विचारतात, सर, सुरुवात कुठून करायची? मी सांगतो — तपासण्या थोड्या लिहा, पण आजच लिहा. आणि केलेलं काम खिशात ठेवू नका.

एकतिसाव्या ओळीच्या त्या कागदाचा उलगडा मला अजून झालेला नाही. कुणी म्हणतं, फाइल खराब झाली असेल. असेल. पण माझा प्रश्न वेगळा आहे. फ्लॉपीत काय आहे हे भाऊंना ठाऊक होतं, तर ती माझ्या खिशात आहे हेही ठाऊक असेल का? आणि तरी ते थांबले?

दुरुस्तीनंतर आलेल्या दुसऱ्या कागदावर, तीस तपासण्यांखाली, नेहमीचीच ओळ होती. घरी जा. त्या दिवशी मात्र मी बराच वेळ जागचा उठलो नाही.