नेव्हिलची पिवळी गाडी

नेव्हिल हॅडफील्डची गाडी चालते. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी तिला पाहिलेल्या कोणालाही ते खरं वाटलं नसतं. तिला इंजिन आहे, चाकं आहेत, सरकारी तपासणीत ती पास झाली आहे, नंबरप्लेटसुद्धा लागली आहे. तरीही रंगाऱ्याकडून ती घरी आली ती माझ्या गाडीमागच्या ट्रेलरवर, गुरांच्या डॉक्टरकडून परतणाऱ्या गायीसारखी.

अकरा वर्षांपूर्वी ती खोक्यांमधून आली होती. सुटे भाग आणायचे आणि गॅरेजमध्ये बसून गाडी जोडायची, हा आमच्या इंग्लंडातल्या डर्बीशर भागातल्या पुरुषांचा जुना आजार आहे. बाकीच्यांना तो दोन-तीन वर्षांत उतरतो. नेव्हिल शाळेत केअरटेकर. शाळेची फुटलेली खिडकी तो डबा खाता खाता बसवतो. पण स्वतःच्या गाडीचं एक दार बसवलं की त्याला झोप लागत नाही, आणि सकाळी तो ते पुन्हा काढतो. एक अख्खा हिवाळा गीअरबॉक्स जेवणाच्या टेबलाखाली होता. त्याची बायको बेरिल त्यावर पाय ठेवून विणकाम करायची. अशा गाड्या जोडणाऱ्यांच्या क्लबच्या मेळाव्याला सगळे आपापल्या गाड्या घेऊन जातात. नेव्हिल फोटो घेऊन जायचा.

त्या दिवशी सकाळी बेरिलने चहाचा थर्मास माझ्या हातात दिला आणि बाही पकडली.

"लेन, ओरखडा न पाडता आण रे बाबा. एक डाग दिसला ना, तर नेव्हिल सगळा रंग खरवडून पुन्हा सुरुवात करेल. मला त्या गाडीत एकदा बसायचंय. म्हातारी व्हायच्या आत."

"तू कुठे म्हातारी होतेस!"

"गोड बोलू नकोस. हळू चालव."

रंगाऱ्याने काम फक्कड केलं होतं. असा पिवळा की डोळे दिपावेत. नेव्हिलने घरातल्या तीन रजया आणल्या होत्या. त्या पाहून रंगारी ओरडलाच.

"झाकायचं नाही! वाऱ्याने कापड घासलं की रंग गेला. आतून अजून कच्चा आहे. महिनाभर पुसायचं नाही, घासायचं नाही. आणि काय हो, चालवतच का नेत नाही?"

"खडी उडते," नेव्हिल म्हणाला.

"मग ट्रेलरवर उडत नाही?"

"तिथे ती उंचावर असते."

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

गाडी चढवण्याआधी नेव्हिलने मला पँटचा पट्टा काढायला लावला. बकल लागून चरा पडतो म्हणे. म्हणून एका हाताने पँट धरून मी ट्रेलरच्या पट्ट्या आवळल्या. त्याही टायरवरून, रंगाला कुठे शिवू न देता.

वाटेत डोंगरावर चुनखडीच्या खाणीतले ट्रक. नेव्हिल सीटवर पूर्ण उलटा वळून, गुडघ्यांवर बसलेला.

"हळू, लेन."

"अरे, मागे पार गावापर्यंत रांग लागलीय!"

"लागू दे. ट्रक येतोय, ट्रक येतोय, बाजूला घे!"

एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं आणि चालकाने कीव आल्यासारखा हात केला. दर दोन वळणांनंतर आम्ही थांबत होतो, आणि थांबलो की कुठूनतरी खिशात हात घातलेला एक माणूस उगवायचाच. "इंजिन कुठलं टाकलंय?" आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर न देणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार आपटणं. नेव्हिल उत्तर द्यायचा, पण गोलकीपरसारखे हात पसरून.

शेवटी एका चहाच्या गाडीपाशी थांबलो, आणि तिथे कबुतराने डाव साधला. बरोबर बॉनेटच्या मधोमध.

नेव्हिल ओरडला असता तर बरं झालं असतं. तो कुजबुजला, "लेन."

ती घाण ठेवली तर रंग खाते. पुसायला तर बंदी. रंगाऱ्याला फोन लावला, तो उचलेना. तेव्हा नेव्हिलने तेच केलं जे आमच्याकडचा माणूस प्रत्येक संकटात करतो. त्याने चहा ओतला. अख्खा थर्मास. बेरिलचा चहा म्हणजे भरपूर दूध आणि त्याहून भरपूर साखर. पिवळा रंग किड्यांना आधीच आवडतो. आता त्यांना जेवणाचं आमंत्रणच गेलं.

"व्हा बाजूला, दोघेही बावळट!" चहावाली बाई पाण्याचा जग घेऊन उतरली आणि हात न लावता वरून पाणी सोडत राहिली. सगळं वाहून गेलं. राहिलं एक फिकट कडं, बशीएवढं.

"दिसतसुद्धा नाही," मी म्हणालो. गुडघे टेकून, मान तिरकी करून पाहिलं तरच दिसत होतं. नेव्हिल गुडघे टेकून, मान तिरकी करूनच पाहत होता.

तिथून घरापर्यंत त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

घरासमोर बेरिल चांगला कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून उभी.

"खाली उतरवू नकोस, लेन," नेव्हिल म्हणाला. "असेच परत जाऊ. एकट्या बॉनेटने भागणार नाही, सगळाच रंग काढावा लागेल."

"कुठे आहे डाग?" बेरिलने विचारलं.

त्याने दाखवला. तिने चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. मग मला म्हणाली, "हात दे जरा." एका हाताने तिला आणि दुसऱ्या हाताने पँट सांभाळत मी तिला ट्रेलरवर चढवलं. ती गाडीत बसली, सीटबेल्टचे चारही पट्टे खटाखट लावले आणि पर्स मांडीवर घेतली.

"बेरिल, उतर."

"न्यायची ना परत? चला. मी इथेच बसते."

"ट्रेलरवर माणूस बसवून नेता येत नाही. कायदा आहे!"

"मग उतरव गाडी. दुकानापर्यंत जाऊ. पाव संपलाय."

नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्या सोडायला लागलो.

गाडी खाली आली, सुरू झाली. सारी गल्ली खिडक्यांत. चालण्याच्या वेगाने ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. नेव्हिल उतरला, बॉनेटसमोर वाकला, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

आतून बेरिलने हॉर्न दाबला. तो दचकला, पण हलला नाही. तिने पुन्हा दाबला, आणि या वेळी सोडलाच नाही, तो आत येऊन बसेपर्यंत.