लॉबी कार्डाची पूजा

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या चांगुलपणाचा मला किती ताप होतो, हे तुम्हाला इतक्या दुरून कळणार नाही, म्हणून लिहिते.

माझी लॉबी कार्डं तुम्ही व्हिडिओवर पाहिली आहेत. जुन्या हॉलिवूडपटांची ही जाड कागदावरची रंगीत चित्रं थिएटरच्या दारात लावत. एका सिनेमाची आठ. कॉलेजात पाहिलेल्या एका हेरपटाची माझ्याकडे सात आहेत. आठवं इथे जपानमध्येच, सेंदाई शहरातल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे होतं. बदल्यात त्यांना माझं एकच कार्ड हवं होतं, एका विनोदी सिनेमाचं. कोपरे शाबूत, टाचणीचं भोक नाही. कित्येक महिने ईमेल करून अदलाबदल ठरली. ती करायला सेंदाईला निघायच्या आदल्या दिवशी मी ते पारदर्शक पाकिटात घालून टेबलावर ठेवलं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आजोबांनी टोकियोजवळच्या ग्योतोकुमधल्या या घरातली सगळी हत्यारं पुजली. तुमच्या काकाचा लॅपटॉप, काकूची सायकल, भाताचा कुकर. मग माझं हत्यार शोधलं.

"अहो, हे काय केलंत?"

"पूजा. तूच तेवढी राहिली होतीस."

"निदान प्लॅस्टिकवरून तरी बोट लावायचं!"

"प्लॅस्टिकला काय पुजायचं? बाहेर काढलं मुद्दाम. कोरडं कुंकू चिकटेना, मग पाण्यात कालवलं."

हळदकुंकू बरोबर नायकाच्या कपाळावर, हॅटच्या खाली. पुसावं तर हळद पसरणार. मी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच सेंदाईला नेलं. आजोबाही आले, 'नीट समजावून सांगायला'. स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात मी आधीच सांगून टाकलं, की कार्ड खराब झालं आहे. प्राध्यापकांनी चष्मा लावला. डाग पाहून ते काही बोलायच्या आत आजोबांनी इंग्रजीत खंडेनवमी सुरू केली, ती थेट पांडवांच्या शमीच्या झाडापर्यंत.

प्राध्यापकांचा चेहरा उजळला. "आमच्याकडे मोडलेल्या सुयांची अशीच पूजा करतात," ते म्हणाले, आणि कार्ड दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवलं. "पूजा झालेली वस्तू मी घेऊ शकत नाही. ती तुमच्या घरची झाली."

"अहो, नुसता डाग आहे तो! हवं तर दुसरी दोन कार्डं घ्या."

"मला हेच हवं होतं," ते हसून म्हणाले. माझं आठवं कार्ड त्यांनी फोल्डरमध्ये परत ठेवलं आणि कॉफीचे पैसेही दिले.

परतताना आजोबा खूश होते. "किती समजूतदार माणूस! दुसऱ्या कोणी डाग पाहून नाकारलं असतं."

"यांनीही नाकारलंच की!"

"पण मानाने."

तो मान घेऊन मी काय करू, ते सांगा. त्यानंतर मी आजोबांशी थेट टोकियोच्या अलीकडचं ओमिया स्टेशन येईपर्यंत बोलले नाही, आणि माझा संच सातावरच अडला आहे.