आतड्यातलं क्रियापद

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि बघता बघता आमची इमारत रिकामी झाली. बमरोलीकडचे खानदेशी कामगार मिळेल त्या गाडीने गावाला निघाले. आमचे हे आजारी सासऱ्यांना घेऊन धुळ्याला गेलेले, ते तिकडेच अडकले. आणि नेमका मला ताप भरला. साधा की ‘तो’, देव जाणे! लेक तान्ही, अंगावर पिणारी. तिला जवळ घ्यायची भीती, आणि दूर ठेवावी तर पाजणार कोण? पाळणा पलीकडच्या खोलीत ठेवून मी तिचं रडणं ऐकत पडले. असला छळ वैऱ्याच्याही वाट्याला नको.

वरच्या मजल्यावर एक ख्रिस्ती शिक्षिका राहायच्या, नगरकडच्या. एकट्या, शिस्तीच्या, आणि खरं सांगते, मला जरा खडूसच वाटायच्या. त्यांची बॅग जिना उतरली, रिक्षा सुरू झाली, सगळं मी पडल्या पडल्या ऐकलं. म्हटलं, संपलं आता. थोड्या वेळाने बाई तोंडाला रुमाल बांधून दारात! आत येऊ नका म्हणून मी ओरडले, तर सरळ पाळण्याकडे गेल्या.

मूल कधी हाताळलेलं नाही. बोंडल्याने दूध पाजायला गेल्या ते निम्मं लेकीच्या नाकात. मी खाटेवरून सांगतेय, मान उचलून धरा, हळू ओता. त्या मुकाट्याने ऐकताहेत. लेक प्यायली, झोपली. पुढे ताप मलेरियाचा निघाला. मी हिंडूफिरू लागेपर्यंत बाई आमच्याकडेच राहिल्या.

नंतर एकदा मी विचारलं, तुम्ही परत कशा आलात? त्यांचे वडील धर्मोपदेशक, थोडं ग्रीक शिकलेले. ते सांगायचे, शुभवर्तमानात येशूला कळवळा आला असं आपण वाचतो, तिथे मूळ क्रियापद आहे ‘स्प्लांख्निझोमाय’. ते आतड्यांच्या शब्दावरून आलंय. वरून दया दाखवणं नव्हे, आतडं पिळवटणं. मी म्हटलं, एवढंच ना? आतडं तुटतं असं आमच्या बायका उठता बसता म्हणतात. बाई हसल्या, मग गंभीर झाल्या.

“वर्षानुवर्षं मी हा अर्थ मुलांना शिकवला गं. त्या दिवशी मात्र तुझ्या दारावरून गेले, रिक्षात बसले. कोपऱ्यावर वळलो आणि पोरीचं रडणं ऐकू येईनासं झालं. तेव्हा पोटात जे काही पिळवटलं, ते वडिलांनी सांगितलं नव्हतं.”

मी उठले आणि त्यांच्या पाया पडले. त्यांच्यात हे चालतं की नाही, विचारलं नाही.