आधी चिठ्ठी, मग चढाई

तुम्हाला शेवटचं ‘शाब्बास’ कोणी म्हटलं, आठवतं ना? खोटं बोलू नका, आठवतं. तेव्हा अंगात कोणते कपडे होते तेही आठवत असेल. मग होयबाला हसायचा तुम्हाला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

होयबा हे त्याचं बाप्तिस्म्याचं नाव नव्हे. कामावरच्या लोकांनी ठेवलेलं, आणि इतकं चपखल बसलं की बायकोसुद्धा रागाच्या भरात त्याच नावाने हाक मारायची. त्याच्या लग्नात म्हणे पाळकांनी नवरीला प्रश्न विचारला आणि हाच घाईघाईने ‘हो’ म्हणाला. सगळं चर्च हसलं. तोही हसला. लोक हसतायत म्हणजे आपण त्यांना आवडलो, असं त्याचं साधं गणित. हे गणित तो मामाकडे शिकला. बाप लवकर गेला, वाढला मामाच्या घरी. तिथे ताटात दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं की नाही, हे पोटाला विचारून ठरत नसे, मामीच्या कपाळाकडे बघून ठरे. चाळीस वर्षं झाली, मामी कधीच गेली, पण हा अजून समोरच्याच्या कपाळाकडेच बघत होता.

कामाने तो परांचीवाला. इमारतीच्या बाहेरून लोखंडी पाइपांचा जो सांगाडा उभा करतात आणि ज्यावर उभं राहून माणसं भिंतीला गिलावा करतात, तो बांधायचा, आणि रोज सकाळी तपासायचा. दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं. परांची भिंतीला धरून राहते ती आडव्या पाइपांच्या जोरावर. हे पाइप नेमके गिलाव्याच्या आड येतात. मग प्लास्टरवाले काय करतात, संध्याकाळी त्यातला एखादा सोडतात, तेवढी जागा लिंपून घेतात आणि घरी जातात. सकाळी परांचीवाल्याने सगळ्या मजल्यांवर चढायचं, पान्याने एकेक जोड ठोकायचा. घट्ट असेल तर ‘टण्’ वाजतो, सैल असेल तर ‘थड्’. सुटलेलं सगळं पुन्हा आवळायचं, आणि मग खाली येऊन शिडीच्या पायथ्याला हिरवी चिठ्ठी बांधायची. हिरवी म्हणजे चढा, लाल म्हणजे हात लावू नका. आधी चढाई, मग चिठ्ठी. हा क्रम त्याला झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता.

त्या सकाळी खाली सहा प्लास्टरवाले उभे होते. माल कालवून झालेला, तो आता घट्ट व्हायला लागलेला. सातवा होता होयबाचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. होयबा तिसऱ्या मजल्यापर्यंत ठोकत गेला होता.

“अहो परांचीवाले, भिंतीशी लग्न लावताय का? उरका की!” एकजण ओरडला.

“माल दगड झाला तर तुमच्या डोक्यावर फोडू,” दुसरा म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले.

साडूनेही हात केला. “या हो खाली, चौथा काय पळून जातोय? बांधा चिठ्ठी, मग निवांत बघा.”

आणि हा खाली आला. हसत आला. चिठ्ठी बांधली, चौथा मजला नंतर बघू म्हणाला. कोणीतरी पाठीवर थाप मारली, “याला म्हणतात आपला माणूस!” ती थाप त्याला बरी वाटली. हे त्याने स्वतः सांगितलंय, म्हणून लिहायचं. बरी वाटली.

सातही जण चढले. चौथ्या मजल्यावरचा आडवा पाइप आदल्या संध्याकाळी साडूनेच सोडला होता आणि तो विसरला होता. सांगाडा भिंतीपासून हातभर सुटला. बाकीचे तेव्हा खालच्या फळ्यांवर होते, लटकून वाचले. साडू चौथ्यावरून थेट खाली.

धावाधाव झाली, त्या गडबडीत होयबाने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. मुकादम शिडीशी वाकला. हिरवी चिठ्ठी ओढून खिशात घातली आणि तिथे लाल बांधली.

हा मुकादम चर्चच्या कारभारातला पंच. प्रार्थना करायला लागला की बायका डोळे पुसायच्या. त्याने होयबाला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

“हे बघ भाऊ, गेलेला गेला. लाल होती म्हण. लाल असताना एकटाच चढला, त्याची चूक. तू सुटलास, ते सहाजण सुटले, काम चालू राहील. नाहीतर पाइप कोणी सोडला, चिठ्ठी कोणी बांधली, सगळेच आत. तुझ्या एका शब्दावर इतक्या घरांच्या चुली आहेत.”

“पण मुकादम, तो माझा साडू...”

“म्हणून तर तुझ्यावर लोक विश्वास ठेवतील. काय? म्हणशील ना?”

होयबा काय म्हणाला, ते सांगायला हवं का?

पोलिसांपुढे जबाब लिहून झाला. खाली सही झाली. दफनाच्या दिवशी ते सहाजण एकेक करून आले आणि कोणी त्याचा खांदा दाबला, कोणी हात हातात घेतला. मुकादमाने त्यालाच शास्त्रवाचन करायला उभं केलं. लोक म्हणाले, किती धीराचा माणूस. आयुष्यात त्याला इतका मान कधी मिळाला नव्हता. पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर दोघीजणी बोलताना त्याने ऐकलं : “लाल चिठ्ठी दिसत असून चढला म्हणे. घेतली असणार थोडी, सकाळी सकाळी.” साडूने जन्मात दारूला हात लावला नव्हता. होयबा बाजूने निघून गेला. दोघींनी त्याला मान लववून नमस्कार केला, यानेही केला.

मग एका दुपारी मेहुणी आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

“दाजी, एकच विचारते. हे डोळ्यांनी काही न बघता चढणाऱ्यातले नव्हते. लालच होती ना?”

तो तिच्या कपाळाकडे बघत राहिला. तिला कोणतं उत्तर हवंय ते शोधत राहिला. पहिल्यांदाच सापडेना. लाल म्हटलं तर तिचा नवरा मूर्ख, हिरवी म्हटलं तर तिच्या समोरचा माणूस खुनी. शेवटी ती गेली.

तो पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत गुडघ्यांवर बसला. प्रार्थना सुरू केली ती सवयीचीच : प्रभू, त्यांना मला समजून घेऊ दे, तिच्या मनात माझ्याबद्दल वाईट येऊ देऊ नकोस. आणि मधेच थांबला. च्यायला, इथेही तेच? देवाकडेही हा लोकांच्या शिफारशीच मागत होता! इतकी वर्षं तो देवाचंही कपाळच बघत आला होता. उपासनेला पहिला हजर, देवाने आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायला पहिला उभा, का, तर मागून चारजण ‘आमेन’ म्हणतात म्हणून.

मग त्याच्या मनात आलं ते असं. आपला प्रभूही वर टांगलेला होता आणि खाली माणसं टोमणे मारत होती, उतर म्हणून दाखव म्हणत होती. उतरला असता तर वाहवा झाली असती. तो उतरला नाही. सोबती पळाले होते, वरूनही कोणी बोलत नव्हतं.

तुम्हाला वाटेल आता त्याला शांती मिळाली. नाही मिळाली. कुठून आवाज आला नाही, ऊब वाटली नाही, गुडघे दुखले एवढंच. पण उठला तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं.

त्याने आधी मेहुणीचं घर गाठलं. “हिरवी होती. मी बांधली. वर चढलो नव्हतो.” ती किंचाळली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. त्या कडीमागून आजवर शब्द आलेला नाही.

रविवारी साक्षीच्या वेळी तो उभा राहिला. “मी खोटा जबाब दिला. चिठ्ठी हिरवी होती. माझा साडू माझ्या आळसाने गेला. आळसाने नाही, तुम्हाला आवडावं म्हणून गेला. लाल चिठ्ठी नंतर मुकादमांनी लावली, मी पाहिलं.” आमेन कोणी म्हटलं नाही. पेटीवाल्याने घाईने गीत धरलं. पहिल्या रांगेतला मुकादम उठून बाहेर गेला आणि त्याच्यामागे दोन रांगा गेल्या. होयबा खाली बसला. कोण राहिलं, कोण गेलं, हे बघायला त्याने मान वळवली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यात आनंद कसला म्हणून नव्हता. पुरलेल्या माणसाला आता कोणी काय म्हणतं याचं काय, तसं ते होतं.

पुढचं थोडक्यात. त्याने पोलिसांत नवा जबाब दिला. कामावरून काढलं. पाळक म्हणाले, काही दिवस घरीच प्रार्थना कर. बायको बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, “जन्मभर सगळ्यांना हो म्हणत आलात. मला एकदा विचारायचं तरी, घर मोडू का म्हणून!” आता तो एकटा स्वयंपाक करतो, एकटा जेवतो, आणि साडूचा चेहरा त्याला सोडत नाही. क्षमा झाली का, विचारलं तर म्हणतो, “ठाऊक नाही. मागतो रोज.” पण नवा जबाब मागे घेतो का, विचारलं तर मान हलवतो. त्या मानेला ‘नाही’ असं हलायला कधी शिकवलंच नव्हतं, म्हणून ती थोडी अवघडून हलते.

येत्या बुधवारी सकाळी दहाला पोलीस ठाण्यात फेरचौकशी आहे. कंपनी म्हणते, हा माणूस दुःखाने भ्रमिष्ट झालाय, चिठ्ठी लालच होती. त्याचा एकट्याचा शब्द टिकणार नाही, हे त्यालाही कळतं. तरी तो जाणार आहे, कारण गेलेल्या माणसावरचा डाग पुसायला दुसरं कोणी नाही. खाली उभ्या असलेल्या सहाही जणांनी हिरवी चिठ्ठी पाहिली होती. तीच बघून ते चढले होते. आज ते दुसऱ्या इमारतींवर गिलावा करतायत, कदाचित तुमच्याच. तुमच्या भिंतीवर असा कोणी काम करत असेल तर होयबासाठी रडू नका, त्याला चांगलं म्हणू नका. त्या माणसाला खाली बोलवा आणि विचारा, चिठ्ठी कोणत्या रंगाची होती. आणि बुधवारी त्याला घेऊन या.