वीतभर अपुरा जिना

स्क्रीनवर आमच्या घराचा जिना वरच्या मजल्याच्या वीतभर खालीच संपत होता. घर दुरुस्तीला काढायचं म्हणून मी त्याचं मॉडेल करत होतो. मापं गावाहून बाबांनी टेपने घेऊन फोनवर सांगितली होती.

"बाबा, नीट मोजा ना. पायऱ्यांचं माप चुकलंय तुमचं," मी तिसऱ्यांदा चिडून म्हणालो.

फोनवर टेप गुंडाळल्याचा आवाज आला, मग त्यांची धाप. "सोळाच आहेत रे, सात-सात इंचाच्या. पण माझंच चुकत असेल."

मग दिसलं. मजल्याची उंची मी भरलीच नव्हती. सॉफ्टवेअर आपणहून धरतं ती दहा फूट तशीच राहिली होती. बाबांनी सांगितलेली नऊ फूट चार इंच माझ्या वहीत पहिल्याच ओळीत होती. यंत्राच्या अंदाजावर मला एकदाही शंका आली नाही. शंका घ्यायला आपल्याला नेहमी ऐकून घेणारं माणूसच सापडतं.

आकडा बदलताच जिना मजल्याला टेकला.

"काय चुकलं होतं रे?"

"सॉफ्टवेअरचंच काहीतरी," मी म्हणालो.

"बरं झालं. मी परत मोजायलाच निघालो होतो."